मदत हवी आहे: मुलांना साड्या विणायचा माग बघायचाय, वडील नको म्हणतात (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघी जणी वडगावात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलांची अभ्यासिका चालवतो. सहावी ते आठवीची बावीस मुलं येतात. बरीचशी मराठी माध्यमाची, पाच जण कन्नड माध्यमाची.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या सरांना करिअरवर बोलायला बोलावलं होतं. तासभर ते पीयूसी (अकरावी-बारावी), सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि टक्क्यांवर बोलले. एकाही मुलानं प्रश्न विचारला नाही. यंदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, डॉक्टर, इंजिनिअर, मिलिटरी सोडून माणसं काय काय करतात?" आम्ही फळ्यावर लिहायला घेतलं आणि अर्ध्या तासात आमचीच यादी आटली. मग मुलांनाच सांगितलं, शोधा तुम्ही.

आता चार-पाच जणांचा गट स्वतः काम निवडतो, माणूस शोधतो, प्रश्न लिहितो आणि शनिवारी बाकीच्यांना सांगतो. आम्ही फक्त सोबत जातो. त्यांचे प्रश्न आम्हाला कधी सुचले नसते. "पावसाळ्यात काम असतं का?" "चूक झाली तर पैसे कुणाचे कापतात?" सातवीतल्या एकीनं शिवणकाम करणाऱ्या मावशींना विचारलं, "दुखतं कुठं?" मावशींनी मशीन थांबवली आणि मानेवर हात ठेवून दाखवलं. कन्नड माध्यमाची मुलं एरवी मागे बसायची, ती आता दुभाषी झालीत. त्यांच्याशिवाय गट निघतच नाही.

अडचण पुढं आली. एका गटानं माग निवडला. त्यातल्या एका मुलाचे वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला आहेत, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. वडील अभ्यासिकेत आले आणि म्हणाले, "बाई, पोराला माग दाखवू नका. ह्यानं त्यात येऊ नये म्हणून तर मी दिवसभर त्या खडखडाटात उभा असतो." रागावले नव्हते. आवाज मोठा होता, पण मागावरच्या माणसांचा तसाच होतो. त्यानंतर आणखी दोन पालकांनी तेच सांगितलं.

ते चुकतात असं मला म्हणवत नाही. साड्यांचा धंदा कसा हेलकावे खातो ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. पण माग वगळला तर आई-बापांचं काम जाणून घेण्यासारखं नाही, हेच आम्ही मुलांना शिकवल्यासारखं होईल. मुलगा विचारतो, "मग मी कुणाला विचारू?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्या वडिलांशी काय बोलू? आणि दुसऱ्या एका गटाला उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात फौंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम बघायचंय. एवढ्या लहान मुलांना कुणी नेलंय का?

प्रतिसाद १

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. ओतकाम चालू असताना मुलांना भट्टीजवळ अजिबात नेऊ नका. मालकाशी बोलून ओतकाम नसलेला दिवस ठरवा. पॅटर्न (भागाचा नमुना) कसा बनतो, वाळूत साचा कसा घेतात आणि तोच भाग पुढं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कसा कातला जातो, एवढं दाखवलं तरी मुलं तासभर हलणार नाहीत. चपला नकोत, बूट घाला. आयटीआय किंवा डिप्लोमा करून लागलेल्या पोरांना भेटवा. त्यांनाच विचारू दे, दहावीनंतर काय केलं, पहिला पगार किती होता.

प्रतिसाद २

मी शहापूरची, विणकराच्या घरातली. आमचे बाबाही असंच म्हणायचे. ताई, मुलांना मागावर नेऊ नका, बाबांना अभ्यासिकेत बोलवा. खुर्ची द्या. कामाच्या जागी ते कामगार असतात, मालक मागं उभा असतो, तिथं मुलासमोर खरं बोलणार नाहीत.

आणि गटाला मागाऐवजी एक साडी द्या. सूत कुठून आलं, रंगवलं कुणी, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) कुणी भरला, जकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) डिझाइन कॉम्प्युटरवर कुणी काढली, माग बिघडला तर जॉबर काय करतो, विकते कोण, हिशेब कोण ठेवतो. एका साडीमागं आठ-दहा कामं निघतात. बाबांना ज्या कामाची भीती वाटते ते त्यातलं एकच.

मूळ प्रश्नकर्ती

साडीचं फार पटलं. काल मुलाच्या आईकडे गेले होते. येत्या शनिवारी त्या स्वतः कांडी भरून दाखवायला येणार आहेत. वडील म्हणाले, बघतो. मुलानं त्यांच्यासाठी प्रश्न लिहून ठेवलेत, सात आहेत, मला वाचू दिले नाहीत. फौंड्रीच्या दिवसाबद्दल प्रतिसाद १ यांना व्यक्तिगत निरोप पाठवलाय, कृपया बघा. जकार्डची डिझाइन काढणारं कुणी वडगाव-खासबाग भागात ओळखीचं असेल तर कळवा. मुलींच्या गटाला तिथंच जायचंय.