हापूसच्या पेटीसाठी ग्राहकांचे अभिप्राय कसे घ्यावेत, कसे वापरावेत?

जामसंडे_बागायत
देवगड तालुक्यात कलमांची बाग आहे. पेट्या थेट मुंबई-पुण्याला जातात, जोडीला कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस). वेबसाइटवर आणि पेटीतल्या पत्रकात ग्राहकांचे अभिप्राय द्यायचे आहेत. पण व्हॉट्सॲपवर ‘मस्त आंबे’ एवढंच येतं. तेच छापावं का? नेमकं मागायचं कसं? शुद्धलेखन सुधारलं तर चालेल?

कातळावरचा
‘मस्त आंबे’ नका छापू, ते कुठल्याही बागेला लागू पडतं. नव्या गिऱ्हाइकाच्या शंका ठरलेल्या असतात: फळ दबून येईल का, सगळी पेटी एकदम पिकेल का, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर काय, देवगडच्या नावावर भलताच आंबा तर नाही ना. अभिप्रायाने यातली एक तरी शंका फेडली पाहिजे.

वेळ फार महत्त्वाची. पेटी पोचली त्याच दिवशी विचारलंत तर पॅकिंगपुरतंच उत्तर मिळेल. कच्चं फळ गवतात पिकायला साधारण आठवडा घेतं, आणि साका कापल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी विचारा. प्रश्नही नेमके हवेत: मागवण्याआधी कसली धास्ती होती? किती फळं खराब निघाली? कळवल्यावर काय झालं? ‘पाच डझनात दोन फळांत साका होता, दोन्ही फळांचे पैसे परत आले’ हे वाचून जो विश्वास बसतो तो नुसत्या कौतुकाने बसत नाही. असा अभिप्राय लपवू नका, वर ठेवा.

खाली पहिलं नाव, शहर, महिना आणि वर्ष द्या. एप्रिलचं फळ आणि मेअखेरचं फळ सारखं नसतं, त्यामुळे महिना गाळू नका.

ग्राहकमित्र_रत्नागिरी
शुद्धलेखन सुधारा, लांबण कापा, पण अर्थ बदलू नका. ‘चव छान, पेटी उशिरा आली’ यातला दुसरा भाग उडवला तर ती फसवणूकच. छापण्याआधी मजकूर ग्राहकाला दाखवून लेखी होकार घ्या. व्हॉट्सॲपवरचा ‘हो’ चालेल. मूळ संदेश जपून ठेवा. स्क्रीनशॉट टाकणार असाल तर फोन नंबर आणि फोटो झाका.

तुम्ही निवडून छापलंत की ती तुमची जाहिरात झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अस्सल देवगड असल्याचा पुरावाही अभिप्रायातून मिळत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांक वेगळा छापा.

जामसंडे_बागायत
आभारी आहे. अभिप्राय देणाऱ्याला पुढच्या पेटीवर सूट दिली तर?

ग्राहकमित्र_रत्नागिरी
गूगलवरच्या अभिप्रायासाठी अजिबात नको, सूट देऊन अभिप्राय घेणं त्यांच्या नियमांत बसत नाही आणि ते तो काढून टाकू शकतात. स्वतःच्या पत्रकात छापायचा तर ‘यांना सूट दिली आहे’ हे त्याच्या शेजारीच, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. नातेवाइकांच्या अभिप्रायालाही हेच लागू.

सोलकढी_मालवण
आगळाबद्दल एक राहिलं. ‘यामुळे माझं पित्त कायमचं गेलं’ असं ग्राहकाने मनापासून लिहिलं तरी छापू नका. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो हा दावा ग्राहकाच्या तोंडून केला तरी तो तुमचाच धरला जातो. त्याऐवजी विचारा: एका पेल्याला किती आगळ घातलं, खारटपणा कसा वाटला, बाटली उघडल्यावर किती दिवस टिकली. सोलकढी करणाऱ्याला तेच हवं असतं.