मदत हवी आहे : वादळ, कट्टरपणा आणि गावातले पोट्टे

वरूडकडच्या आमच्या गावात परवा वादळासह गारपीट झाली. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाच्या) बारक्या संत्र्यांचा सडा पडला, शाळेवरची टिनं धुऱ्यापलीकडे उडाली. ताडपत्री धरायलाही दोन पक्षांचे पोट्टे एकत्र येईनात. वेगळं बोललं की थेट गद्दार! मला हे गारपिटीहून भयंकर वाटतं. तापलेली हवा जोरात वर चढते तेव्हा गारा मोठ्या होतात. डोकी तापवणाऱ्या भाषणांचंही तसंच. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य विरोधकालाही आहे, हे पोट्ट्यांना पारावर बसवून सांगायचं आहे. भांडण न पेटता सुरुवात कशी करावी? कोणी गावात असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.