ऑप्टोमेट्रिस्टने डोळ्यांच्या दवाखान्याची मॅनेजरकी घ्यावी का?

ऑप्टो_नाशिक

नमस्कार मंडळी. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. बी.ऑप्टोम. झाल्यापासून नाशिकला एकाच नेत्रतज्ज्ञ मॅडमकडे काम करते. रिफ्रॅक्शन (चष्म्याचा नंबर काढणं), बायोमेट्री (ऑपरेशनच्या लेन्ससाठी डोळा मोजणं), ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन), शाळांमधली तपासणी, सगळं येतं. आता मॅडम सिन्नरला दुसरी शाखा काढतायत. खाली ओपीडी आणि चष्म्याचं दुकान, वर एक ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. आठवड्यातले तीन दिवस त्या स्वतः बसणार, उरलेले दिवस काही वेळ एक ज्युनिअर डॉक्टर. "तिथलं सगळं तू सांभाळ" असं त्यांनी सांगितलंय. पगार वाढेल, पण फार नाही.

मला पेशंट तपासायला मनापासून आवडतं. ट्रायल बॉक्स (नंबर काढायच्या भिंगांची पेटी) हातातून सुटला तर शिकलेलं वाया जाईल का, ही मोठी धास्ती आहे. घरचे म्हणतात, मॅनेजर म्हणजे काउंटरवरची भांडणं सोडवणारा माणूस. एमएचए (रुग्णालय व्यवस्थापनाची डिग्री) करावं लागेल का? आणि मुळात या कामात दिवसभर नक्की काय करायचं असतं? जे प्रत्यक्ष करतायत त्यांनी सांगावं.

पुणे_एमएचए

मी एमएचए करून नेत्ररुग्णालयांच्या एका साखळीत ऑपरेशन्स बघतो. डिग्रीचं आधी सांगतो. एका शाखेसाठी कुणी एमएचए मागत नाही. पुढे चार-पाच शाखा एकत्र बघायच्या झाल्या किंवा मोठ्या रुग्णालयात जायचं झालं, तर उपयोग होतो. टाटा इन्स्टिट्यूट, सिंबायोसिस हे दोन पर्याय सगळ्यांना माहीत आहेतच, पण नोकरी सोडून लगेच तिकडे धावू नका. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाची डोळ्यांच्या रुग्णालयांसाठी वेगळी मानकं आहेत, ती आधी वाचून काढा. निम्मा अभ्यासक्रम त्यात आहे.

आणि जबाबदारीबरोबर अधिकार काय मिळणार ते लिहून घ्या. माणूस नेमणं, रजा मंजूर करणं, ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी. हे तोंडी राहिलं की रोज फोन करून परवानगी मागत बसावं लागतं.

कृष्णाकाठ

ताई, मी कराड भागातल्या एका नेत्ररुग्णालयाची व्यवस्थापक. बी.कॉम. झाले, रिसेप्शनला लागले आणि तिथूनच वर आले. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे शिक्षण वाया जाण्याचं. उलट तुम्हाला जे आत्ताच येतं ते शिकायला माझी कित्येक वर्षं गेली. ओपीडीचंच बघा. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की अर्धा तास तरी जातो. मधुमेह असलेल्या माणसाची बाहुली लवकर उघडत नाही, दोनदा-तीनदा थेंब टाकावे लागतात. आमच्याकडे पाटणच्या आतल्या वाड्यांमधून माणसं सकाळच्या एसटीनं येतात आणि परतीची गाडी ठरलेली असते. अशा आजोबांना साडेअकराला थेंब टाकले आणि बाराला डॉक्टर ओटीत गेले, तर त्यांचा दिवस गेला. वर डोळे दिपलेले, धड चालताही येत नाही. मग सकाळी नाव नोंदवतानाच विचारायचं: साखर आहे का, कुठून आलात, परतीची गाडी किती वाजता? चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा दाब थेंबांच्या आधी, हा क्रम तुमच्या अंगवळणी पडलेला आहे. मला तो एका सिस्टरनं हाताला धरून शिकवला. कुणाला कुठल्या खुर्चीवर कधी बसवायचं हे ज्याला कळतं, त्याच्या दवाखान्यात भांडणं कमीच होतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. दवाखान्यात आलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, सिस्टर बघतात, तुमच्यासारख्या ऑप्टोमेट्रिस्ट बघतात. जो पुन्हा आलाच नाही, त्याच्याकडे बघायला मॅनेजरशिवाय कुणी नसतं. माझ्या मते या नोकरीचं खरं काम हे आहे. बाकी बिलं, पगार, जनरेटर, लिफ्ट कुणीही शिकतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं की निम्मी माणसं मान डोलावून जातात आणि गायब होतात. कारणं विचारली तर कळतात. सोबत यायला कुणी नाही. सोयाबीनची काढणी आहे. पितृपक्ष लागलाय. "थंडीत करू" हे तर दर दुसऱ्या घरात. आजच्या ओटीत ऑपरेशन कुठल्याही ऋतूत होतं, हे मी प्रत्येकाला सांगते, पण वाद घालत नाही. दिवाळीनंतर म्हणाले की वहीत दिवाळीनंतरची तारीख लिहिते आणि त्या दिवशी फोन जातो. फोन पेशंटला नाही करायचा, घरात जो ठरवतो त्याला करायचा. बहुतेक वेळा तो मुंबईतला मुलगा असतो.

काचबिंदूचं त्याहून अवघड. दुखत नाही, थेंब टाकून नजर वाढत नाही आणि दर महिन्याला खर्च मात्र होतो. मग माणूस थेंब बंद करतो. गेलेली नजर परत येत नाही, हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. एक आजी तपासणीला आल्या नाहीत म्हणून मी सुनेला फोन केला. सून म्हणाली, "अहो, थेंब चालू आहेत की, रोज मीच टाकते." मला बरं वाटलं, तरी सहज म्हटलं, बाटलीवरचं नाव वाचून दाखवा. वाचलं तर ते भलतेच थेंब! आधीची बाटली संपली, गावातल्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हतं, दुकानदारानं लाली जायचे स्टिरॉइडचे थेंब दिले. स्टिरॉइडनं डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि काचबिंदूत नेमकं तेच टाळायचं असतं. दुसऱ्या दिवशी आजींना बोलावून घेतलं. तेव्हापासून काचबिंदूच्या प्रत्येक पेशंटला बाटली संपायच्या आधी आमच्याकडून फोन जातो (उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची असते, त्यामुळे तारीख काढणं सोपं आहे) आणि तपासणीला येताना बाटली सोबत आणायला सांगतो. यात खर्च एका मुलीच्या दुपारच्या दोन तासांचा. कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे सुरू करा.

मी मदुराईला अरविंद नेत्ररुग्णालयाच्या लायको या प्रशिक्षण संस्थेत शिकायला गेले होते. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर अरविंद सुरू केलं, हे सगळे सांगतात. एक सर्जन दोन टेबलं (एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार), हेही सांगतात. आणि आपल्याकडचे लोक तेवढंच बघून येतात आणि वेग वाढवायला जातात. मला तिथे भावल्या त्या समुपदेशन करणाऱ्या मुली. पेशंटसमोर बसून, ऑपरेशन म्हणजे काय, किती दिवस पाणी लावायचं नाही, डोळ्यात बसवायच्या कुठल्या लेन्सला किती पैसे, हे शांतपणे समजावत होत्या. डॉक्टरनं जे करायला हवं तेवढंच डॉक्टर करतो, बाकीचं नीट शिकवलेली माणसं करतात. सिन्नरला पहिली नेमणूक अशा मुलीची करा. स्थानिक, बोलकी आणि घाई न करणारी.

याच संदर्भात एक कडू गोष्ट. मी आधी जिथे होते तिथे समुपदेशकांना महागड्या लेन्सचं महिन्याचं टार्गेट दिलं होतं. ज्यांच्या डोळ्याच्या पडद्याला आजार आहे अशांनाही मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महाग लेन्स) सुचवायचा दबाव यायचा. मी ती नोकरी सोडली. तुमच्या मॅडम तशा नसतीलही, पण रुजू होण्याआधी स्पष्ट विचारा: लेन्सवर टार्गेट असणार का? हो म्हणाल्या तर जाऊ नका.

लेन्सचंच अजून. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी स्वतः यादी घेऊन बसा. नाव, उजवा की डावा, पॉवर. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं तर अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. कंपनी लेन्स ठेवून जाते, वापरल्यावर बिल लावते. त्यामुळे डब्यावरचे स्टिकर जपायचे: एक केसपेपरवर, एक पेशंटच्या कार्डावर, एक विम्याच्या फायलीत. ऑटोक्लेव्हची (अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राची) पट्टी आणि सलाइनचा बॅच नंबरही त्याच दिवशी वहीत. ओटीत कधी संसर्ग झाला तर उत्तर या वहीतच सापडतं.

ऑप्टो_नाशिक

ताई, हे वाचून घरच्यांनाही वाचायला दिलं. दोन शंका. विम्याच्या कॅशलेसचं मला काहीच येत नाही. आणि मॅडम नसतील त्या दिवशी काही अचानक आलं तर?

कृष्णाकाठ

कॅशलेस महिनाभरात येईल. बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि एका डोळ्यामागे ठरावीक मर्यादा. लेन्स त्याच्या वरची निवडली तर फरक पेशंटला भरावा लागतो. तो आकडा ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून सही घ्यायची. डिस्चार्जच्या वेळी सांगितला की मग काउंटरवरची ती भांडणं होतात. चष्म्याच्या दुकानाचं बिल पहिल्यापासून वेगळं ठेवा. उपचारांवर जीएसटी नाही, चष्म्यावर आहे.

अचानक येणाऱ्यांचं मात्र पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना शिकवा, वॉचमनसकट. लहान मुलाच्या डोळ्यात चुना गेला (तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली की फुटते, आमच्याकडे अशी मुलं येतात) तर नाव-गाव नंतर. आधी डोळा धुवायला घ्यायचा. भरपूर पाण्यानं, पापणी उलटून, चुन्याचे कण काढत. मग डॉक्टरांना फोन. ऑपरेशन झालेला पेशंट "दुखतंय, लाल झालंय, कमी दिसतंय" असं फोनवर म्हणाला तर उद्या या असं कुणीही म्हणायचं नाही, त्याच दिवशी बघायचं. डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटतंय, वीज चमकते, हेही तसंच. ज्या दिवशी सिन्नरला डॉक्टर नाहीत त्या दिवशी पेशंट नाशिकला कसा पोचणार, गाडी कोणाची, हे आधीच ठरलेलं हवं.

डॉ_नेत्र

दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून थोडं. नर्सिंग होमची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, अग्निशमनचा दाखला, यांच्या नूतनीकरणाच्या तारखा आम्ही हमखास विसरतो. त्या सांभाळणारा माणूस मिळाला की आम्ही निर्धास्त होतो. दुसरं, मॅनेजरनं आम्हाला अडवायला हवं. यादी लांबली असताना मी "अजून दोन घ्या" म्हणतो, तेव्हा आमची मॅनेजर "नाही सर, स्टरलाइज्ड सेट संपले" म्हणते. मला राग येतो, पण ती बरोबर असते. तुमच्या मॅडमना हे चालेल का, ते बघा. आणि आठवड्यातली एक सकाळ रिफ्रॅक्शनसाठी मागून घ्या. हात चालू राहील आणि स्टाफही मानेल.

ऑप्टो_नाशिक

सगळ्यांचे आभार. काल मॅडमशी बोलले. लेन्सवर टार्गेट नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. मंगळवारची सकाळ रिफ्रॅक्शनसाठी मिळाली. खरेदीच्या अधिकाराचं अजून ठरायचंय, ते लिहून घेतल्याशिवाय होकार कळवणार नाही. कृष्णाकाठ ताई, न आलेल्यांच्या वहीत रकाने कोणते ठेवता ते सांगाल का?

कृष्णाकाठ

नाव, गाव, कुठला डोळा, काय सांगितलं होतं, घरात कोण ठरवतं आणि त्याचा नंबर, पेशंटनं स्वतः सांगितलेली तारीख, फोन कधी केला, उत्तर काय मिळालं. उत्तराचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा आणि ते जसंच्या तसं लिहा. "नंतर येतो" एवढंच लिहू देऊ नका, नंतर का, तेही विचारायला लावा. काचबिंदूची वही वेगळी, त्यात बाटली उघडल्याची तारीख. आणि पहिले तीन महिने ते फोन तुम्ही स्वतः करा.