भाजलेल्या जखमेवर केळीचं पान बांधलं तर चालतं का?

कुळागरवाली:
चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) तळताना आईच्या हातावर तेल उडालं, मनगटाच्या वर तळहाताएवढी जागा भाजली, फोड येऊन फुटले. डॉक्टरांनी मलम लावून साधा गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) बांधला आणि दुसऱ्या दिवशी तो सोडताना जखमेला असा चिकटलेला की आई रडली, आणि ती सहज रडणारी बाई नाही हो. शेजारची काकी म्हणते कुळागरातलं (आमच्या बागायतीतलं) केळीचं पान बांध, चिकटत नाही आणि गारही वाटतं. आईला शुगर आहे म्हणून धीर होत नाही. कुणी वापरलंय का?

निवृत्त सिस्टर, फोंडा:
बाय, काकी सांगते त्यात तथ्य आहे पण घरी करू नको. मी मुंबईत बर्न्स वॉर्डात होते. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरेंनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग पेशंटवर वापरून त्याचा अभ्यास २००३ साली छापलाय, त्याआधी १९८५ च्या सुमारास मुंबईतच डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या होत्या. पान मऊ, गुळगुळीत, वरून मेणासारखं, त्यामुळे खालचा ओलावा टिकतो आणि काढताना नवीन कातडी ओढली जात नाही, दुखतं कमी. पण पानात औषध आहे म्हणून जखम भरते असं नाही, ते नुसतं चांगलं झाकण आहे. आणि तिथे पान धुऊन, पट्टीवर चिकटवून, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करून मगच लावतात. कुळागरातल्या पानावर माती, किडे, पक्ष्यांची घाण, फवारणी काय काय असतं, नुसतं उकळून ते सगळं जात नाही, त्यात आईला शुगर, इन्फेक्शन व्हायला वेळ नाही लागणार.

चिकटण्याचाच त्रास असेल तर डॉक्टरांकडे पॅराफिन गॉज माग, व्हॅसलीनसारखा असतो, महाग नाही. आणि चिकटलेला गॉज कधी ओढायचा नाही, सलाईनने भिजवून दहा मिनिटं थांबायचं, आपोआप सुटतो.

डिचोलीचो:
आमच्याकडे कोरफडीचा गर लावतात, माझ्या बोटावरचा छोटा चटका त्याने शांत झाला होता. फुटलेल्या फोडांवर मात्र मी लावणार नाही. टूथपेस्ट, हळद, बर्फ तर नकोच. भाजल्या भाजल्या नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, पहिल्या तीन तासांत केलं तरी फायदा होतो, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

निवृत्त सिस्टर, फोंडा:
हो, ते महत्त्वाचं. आणि कुळागरवाली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचार. ताप, वास, पू, किंवा लाली पसरताना दिसली तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) ने. दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर डाग आखडून राहतो, मनगटाजवळ आहे म्हणून सांगते.

कुळागरवाली:
सिस्टर, देव बरें करूं. इंजेक्शन झालं नव्हतं, आज घेतलं. पॅराफिन गॉज मिळाला, बदलताना आई एकदाही ओरडली नाही. काकीला समजावलंय, पान आता जेवायला काढते म्हणाली.