मुंबई ते न्यूअर्क थेट फ्लाइट, वेळेचा हिशोब जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईबाबा जूनमध्ये पहिल्यांदाच माझ्याकडे न्यू जर्सीला येतायत. मधे विमान बदलायचं म्हटलं की आईला टेन्शन येतं म्हणून मुद्दाम थेट फ्लाइट घेतलीये. तर प्रश्न असा की नेटवर अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर दाखवतं, विमानाचा स्पीड ताशी ९०० धरला तर १४ तास व्हायला हवेत ना, पण तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच सकाळी ८ ला पोचणार असं आहे, म्हणजे साडेनऊ तासांचा फरक मिळवला की झाले १६, आणि परतीला तेच अंतर १५ तासांत! असं का होतं? बाबांना इन्सुलिन चालू आहे, सकाळी आणि रात्री जेवणाआधी, त्यामुळे किती तास विमानात आणि कुठलं घड्याळ धरायचं हे मला आधीच पक्कं करायचंय. प्लीज सांगा, खूप काळजी वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, हिशोब बरोबर आहे तुमचा. साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येणारं अंतर, तो दोरा मॉस्कोजवळून, नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो. प्रत्यक्षात रूट वाकडा पडतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा तर काही अमेरिका फ्लाइट मधे इंधनाला उतरायला लागल्या होत्या. पण जाता-येतानाच्या फरकाचं मुख्य कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो, हिवाळ्यात तर अजून जोरात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत जायचा-यायचा वेळही धरलेला असतो.

प्रतिसाद:
इन्सुलिनचा डोस इथे कोणाला विचारू नका, तिकिटाच्या वेळा घेऊन बाबांच्या डॉक्टरांकडे जा आणि भारतीय वेळेप्रमाणे कागदावर लिहून घ्या. बाबांचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका, आम्ही सासऱ्यांच्या वेळी तेच केलं, फार सोपं पडलं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, खाली सामानात गोठू शकतं. सोबत प्रिस्क्रिप्शन. आणि डायबेटिक मील आधी सांगून ठेवा, पण जेवणाची ट्रे समोर आल्याशिवाय सुई नको, हवा खराब असली की वाढायचं थांबवतात.

खूप आभार दोघांचे, ट्रेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेतेच. अजून एक, शुगर लो झाली तर म्हणून ज्यूस दिला तर सिक्युरिटीला काढून घेतील का?

प्रतिसाद:
त्या वादात पडूच नका, ग्लुकोज बिस्किटं आणि खडीसाखर द्या, बाबांच्या खिशात. वरच्या कप्प्यात नको.