‘कॅरिकेचर’ला अर्कचित्र म्हणावे की व्यंगचित्र?

विचारणा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) राजकीय चित्रांविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करीत असून, मुळात सर्वत्र आलेल्या ‘कॅरिकेचर’ या शब्दासाठी ‘अर्कचित्र’ योजले आहे. मात्र ज्या चित्रांत एकाही चेहऱ्याची ओढाताण केलेली नाही, त्यांनाही लेखक कॅरिकेचरच म्हणतो आणि तेथे शब्द अडखळतो. त्याच लेखात १८२५ सालच्या ‘ग्लासगो लुकिंग ग्लास’ या सचित्र पाक्षिकाला पहिले कॉमिक ठरवले आहे. तेथे ‘चित्रकथा’ चालेल काय? जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. घोळ मुळात इंग्रजीतलाच आहे. ‘लादणे, भार घालणे’ अशा अर्थाच्या इटालियन क्रियापदापासून कॅरिकेचर आला, म्हणजे चेहऱ्यातील एखाद्या खुणेवर जादा भार टाकायचा. मराठीने त्याच कल्पनेला उलट बाजूने हात घातला आणि नको ते गाळून उरतो तो अर्क, असे मानले. परंतु लंडनच्या चित्रविक्रेत्यांकडे हा शब्द इतका सैलावला होता की मंत्र्यांची फजिती असो, करांवरची टीका असो की नव्या फॅशनची टिंगल असो, उपहासाचे कोणतेही सुटे छापील चित्र कॅरिकेचर ठरे. हा विस्तृत अर्थ आपल्या ‘व्यंगचित्र’ या शब्दात मावतो, ‘अर्कचित्र’ या शब्दात मावत नाही.

आपल्याला अडखळवणारी चित्रे बहुधा जॉन डॉइल यांची असावीत. १८२९ ते १८५१ या काळात ‘एचबी’ या सहीने त्यांची शेकडो राजकीय चित्रे थॉमस मॅक्लीन यांनी प्रसिद्ध केली. नावाची आद्याक्षरे, जे आणि डी, एकावर एक दोनदा रचून ती सही सिद्ध केली होती. (शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे त्यांचे नातू, गूढाची हौस घराण्यातच असावी.) वेलिंग्टन, पील, ओकॉनेल या तेव्हाच्या राजकारण्यांचे चेहरे ते जवळजवळ जसेच्या तसे काढीत, थट्टा असे ती प्रसंगात, म्हणजे कोणाला कोणत्या वेषात आणि कोणाशेजारी उभे केले आहे, यात. आधीच्या पिढीतील व्यंगचित्रकार गिलरे यांच्या काळातील ताम्रपटावरच्या (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या) चित्रांचा आक्रस्ताळेपणा येथे नाही. याचे एक कारण साधनातही आहे: दगडावर तेलकट खडूने काढलेली रेघ पेन्सिलीसारखी मऊ उमटते आणि करड्या छटा सहज साधतात, त्यामुळे चित्र घरच्या वहीतील रेखाटनासारखे सौम्य दिसते. अशा चित्राला अर्कचित्र म्हणणे म्हणजे त्याच्या नेमक्या वैशिष्ट्यावरच बोळा फिरवणे होय.

‘कार्टून’ हा शब्द मात्र या काळासाठी कटाक्षाने टाळावा. त्याचा मूळ अर्थ भित्तिचित्रासाठी केलेला पूर्णाकृती आराखडा असा होता. नव्या संसदभवनाच्या भिंतींसाठी आलेले असे आराखडे १८४३ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मांडले गेले, तेव्हा ‘पंच’ साप्ताहिकाने जॉन लीच यांचे एक चित्र ‘कार्टून क्रमांक एक’ म्हणून छापले. त्यात फाटक्या कपड्यांतील गरीब लोक प्रदर्शन पाहत उभे आहेत. भाकरीऐवजी चित्रे देणाऱ्या सरकारला मारलेला तो टोमणा होता, आणि शब्दाला आजचा अर्थ तेथून चिकटला.

प्रतिसाद २

‘व्यंगचित्र’ मान्य आहे. ‘व्यंग’ म्हणजे दोष की ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ, हा जुना वाद येथे काढत नाही. माझा आक्षेप ‘पहिले कॉमिक’ या दाव्याला आहे. विल्यम हीथ यांनी चित्रे काढलेले आणि जॉन वॉटसन यांनी छापलेले ते पाक्षिक ११ जून १८२५ रोजी निघाले, काही अंकांनंतर ‘नॉर्दर्न लुकिंग ग्लास’ झाले आणि १८२६ मध्ये बंद पडले. एकाच पानावर राजकारण, हवामान, नाटके, शहरातल्या भानगडी अशी छोटी-मोठी चित्रे दाटीने बसवलेली असत. चित्रांची बातमीपत्रिका म्हटली तर अधिक शोभेल. एका कोटाची क्रमाने सांगितलेली कहाणी त्यात येते हे खरे, पण तो एक भाग झाला. तोंडातून निघणारे बोलके फुगे तर त्याआधीही प्रचारात होते. शिवाय कॉमिक घडवल्याचे श्रेय शिळाछापाच्या दगडाला जपूनच द्यावे, कारण शिळाछापातले चित्र अक्षरांच्या (छपाईच्या) खिळ्यांबरोबर एका चौकटीत बसवून छापता येत नाही. लाकडावर कोरलेला ठसा बसतो, म्हणून ‘पंच’ने लाकूड पत्करले. इंग्रजीत ‘कॉमिक’ हे साप्ताहिकाचे नाम म्हणून रुळले ते १८९० च्या ‘कॉमिक कट्स’च्या सुमारास; तोवर ते मुख्यतः ‘विनोदी’ या अर्थाचे विशेषण होते.

प्रतिसाद १ (पुढे)

खिळ्यांचा मुद्दा पटला, परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी. खिळे नकोच असतील तर दगडावर चित्र आणि हस्ताक्षर एकाच हाताने, एकाच रेघेत उतरते. दगडावर थेट लिहिताना अक्षरे उलटी काढावी लागतात हे खरे; पण विशिष्ट कागदावर सुलटे लिहून ते दगडावर उतरवण्याची सोय होती, आणि जिनीव्हाच्या रोडॉल्फ टॉफर यांनी तीच वापरून १८३३ पासून आपल्या चित्रमालिका काढल्या. क्रमाने पुढे सरकणारी कथा, प्रत्येक चौकटीखाली लेखकाच्याच हातची ओळ, ही घडण ताम्रपटावर अशक्य नव्हती, पण येथे ती कितीतरी स्वस्त आणि सुकर झाली. म्हणून टॉफर यांच्या पुस्तकांना ‘चित्रकथा’ म्हणावे आणि ग्लासगोच्या पाक्षिकाला ‘व्यंगचित्रांचे नियतकालिक’. ‘चित्रकथा’ म्हणताच पिंगुळीच्या (सिंधुदुर्ग) चित्रकथींची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या लोककलावंतांची, आठवण होईल, पण चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगणे हा गाभा दोन्हीकडे सारखाच असल्याने अडचण वाटत नाही.

विचारणाकर्ता

आभारी आहे. ‘लिथोग्राफ’साठी ‘शिळाछाप’ ठेवू की ‘शिलामुद्रण’?

प्रतिसाद २

तंत्राविषयीच्या परिच्छेदात ‘शिलामुद्रण’ ठीक. छापलेल्या वस्तूला ‘शिळाछाप चित्र’ आणि छापखान्याला ‘शिळाप्रेस’. मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग शिळाछापावरच काढले. म्हणजे लंडनमध्ये मॅक्लीन यांचे दुकान जोरात चालू होते त्याच सुमारास हे तंत्र आपल्याकडेही वापरात होते, आणि त्यासाठी रुळलेला शब्द हाताशी असताना नवा घडवू नये.