दुपारचे ऊन, टोपीखालचे चेहरे आणि हतनूरचे पक्षी

दुपारच्या उन्हात फोटो काढताना पांढऱ्या टोपीखालचा चेहरा काळा पडतो, या अडचणीवर फ्लॅश वापरण्याचा उपाय सुचवला जातो. तो उपाय चुकीचा नाही. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोड्यांसाठी प्रसिद्ध यात्रेत घोड्यांच्या शेजारी फ्लॅश उडवणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा घोडेवाल्या बाबांना राहुटीच्या तोंडाशी, सावलीच्या कडेपासून हातभर आत, बाहेर तोंड करून बसवावे. म्हणजे समोरच्या तापलेल्या मातीवरून परतलेला उजेड हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत पोहोचतो व बुबुळात चमकही येते. कॅमेऱ्याचे मीटर, म्हणजे प्रकाशाचे मोजमाप, मात्र टोपीवर नव्हे, गालावर लावावे.

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत हीच सावली फसवी ठरते. पानांतून झिरपणारा प्रकाश हिरवा असल्याने माणूस आजारी दिसू लागतो, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची कॅमेऱ्याने आपोआप केलेली दुरुस्ती) ते नेहमी सावरतोच असे नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपून नंतर संगणकावर टिंट (हिरवी-जांभळट रंगछटा) किंचित मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे, सरकवता येतो. बांधावर येऊन फोटो काढला, तर तेही करावे लागत नाही.

जळगाव जिल्ह्यातीलच हतनूर जलाशयावरील पक्ष्यांच्या फोटोंबाबतही थोडे सांगतो. चकाकत्या पाण्यावरील गडद बदकासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावे, तर गडद पाणवनस्पतींपुढील बगळ्यासाठी एक स्टॉप, म्हणजे निम्मे, कमी करावे. ऊन चढल्यावर मात्र तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याची पिसे विरघळल्यासारखी दिसतात. त्याचा दोष पुष्कळजण लेन्सला देतात, पण तेव्हा महागडी लेन्स किंवा वेगवान शटरही फारसे उपयोगी पडत नाही. सकाळी लवकर जावे किंवा पक्ष्याच्या अधिक जवळचा काठ निवडावा.